मिठाच्या पिंपातला तिसरा ठोकळा

मी एक जुना काँक्रीटचा ठोकळा आहे. मित्रांनो, माझ्या गैरहजेरीमुळे नम्रताचा प्रयोग बाद झाला. पण ते तुम्हाला अजून ठाऊकच नाही असं धरून चालू.

२००८ साली मालवणजवळच्या एका बंदरात, कॉलेजात शिकणाऱ्या नम्रताने आम्हा तिघा भावांना एकाच घमेल्यातून जन्म दिला. वाळू, खडी, थोडं सिमेंट, कट्टा गावच्या भातगिरणीतल्या तुसाची राख आणि चिमूटभर नॅनो सिलिका. ही पूड काँक्रीटमधली अतिसूक्ष्म भोकं बुजवते, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही.

"जी दिसनत नाय ती भोकां बुजवतंस?" तिची आई सुभद्रा म्हणाली. "छपरातली दिसतत गो, ती बुजव आधी."

बंदराच्या पायऱ्या खाऱ्या पाण्याने खचलेल्या. मासळीची पाटी घेऊन सुभद्रा त्यांवरून दोनदा पडली होती. कॉलेजच्या दाबयंत्रात आम्ही तिघे भरपूर भार सोसून फुटलो, तर नव्या पायऱ्या आमच्या मिश्रणाच्या होणार होत्या. फुटणं हाच आमचा सन्मान.

त्याआधी अठ्ठावीस दिवस घरामागच्या पाण्याच्या टाकीत मुरायचं होतं. सव्विसाव्या दिवशी सुभद्रेने पिंपात बांगडे खारवले. दाबायला वजन हवं, म्हणून मला उचललं.

"आये, माझो तिसरो ठोकळो खंय?"

"माका काय ठावक? तुझे दगड, तूच बघ."

ती खोटं बोलली नाही. मी आता वजन झालो होतो. मी ओरडलो. काँक्रीटचं ओरडणं आणि गप्प बसणं सारखंच ऐकू येतं.

भाऊ उत्तम फुटले. पण कॉलेजातले सर म्हणाले, "सरासरीला तीन लागतात. दोन म्हणजे अफवा." पायऱ्या जुन्याच पद्धतीने झाल्या.

पंधरा दिवसांनी पिंप उघडलं.

"ह्यो तुजो होतो?" सुभद्रा म्हणाली. "बरो आसा हां. जरा पण झिजूक नाय."

एवढंच माझं कौतुक. नम्रता हसली. नंतर तिने मला परत ठेवलं. बांगडे अजून ओले होते.

दोन वर्षं झाली. नम्रता पुण्याला नोकरीला गेली. नव्या पायऱ्यांचेही कोपरे उडाले. सुभद्रा आता भिंत धरून उतरते. बांगड्यांशी ओळख होते तोवर ते निघतात. खारं पाणी माझ्यात शिरलेलं नाही, हे मला एकट्यालाच माहीत आहे.

मित्रांनो, काहीही उचलण्याआधी ते कुणाची वाट बघतंय का, विचारा.

तरी मा. प्राचार्यांनी अर्जदार ठोकळा क्रमांक तीन, वय वर्षे दोन, यास फोडण्याची तारीख द्यावी, निकाल चांगला आल्यास पायऱ्या पुन्हा बांधाव्यात, आणि नेण्यास येताना पिंपासाठी बदली दगड सोबत आणावा, ही विनंती.