दोन्ही काठ शोधा

मी नेमकं काय काम करते, हे नातेवाइकांना सांगताना माझ्या नाकी नऊ येतात. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी शिरूरला घरी बसून माहितीपुस्तिका लिहिते, पण त्या माणसांनी वाचायच्या नसतात. विधानसभेत कुणी काय विचारलं, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, हे जुन्या नोंदींतून शोधणारी साधनं आमची कंपनी बनवते. ती वापरतो एआय एजंट, म्हणजे आपण विचारलेलं शोधून देणारा प्रोग्रॅम, आणि कोणतं साधन कधी, कसं वापरायचं हे त्याला माझ्या लिखाणातून कळतं. एजंट म्हटलं की आमच्या आईला आरटीओबाहेर झाडाखाली बसणारा माणूस आठवतो. मी आता तिची समजूत घालणं सोडून दिलंय.

मागच्या महिन्यात सिंधूमामींचा फोन आला. मामी फोनवर खुशाली विचारत बसत नाहीत.

"नीलम, तुझ्या त्या यंत्रानं भर ग्रामसभेत तुझ्या मामाला खोटं पाडलं."

मामांचं गाव शिरूर तालुक्याच्या टोकाला, भीमेच्या काठी. पलीकडे दौंड तालुका. मध्ये एक अरुंद बंधारा, आणि केडगावला रेल्वे गाठायची तर सगळं गाव त्याच्यावरूनच मोटरसायकली घालतं. कठडे नाहीत. या कठड्यांचा प्रश्न एकदा विधानसभेत आला होता आणि मंत्र्यांनी ते बांधायचा शब्द दिला होता, असं हौसरावमामा वर्षानुवर्षं सांगत आलेत. त्याच सुमारास कॉलेजची एक मुलगी गाडीसकट पाण्यात पडली. वाचली, पण ग्रामसभेत विषय निघाला आणि मामांनी पुन्हा तेच सांगितलं. सरपंच गोकुळनं तिथंच मोबाइलला विचारलं. साधन आमचंच होतं. आलेलं उत्तर त्यानं मोठ्यानं वाचलं: या गावाच्या मतदारसंघातून असा प्रश्न विचारल्याची नोंद नाही. लोक हसले. मामा खाली बसले, आणि तेव्हापासून चहाच्या टपरीकडे फिरकले नव्हते.

मला आधी गोकुळचा राग आला, मग माझा. माझ्या पुस्तिकेतली ती ओळ मला पाठ होती: गावाचं नाव आलं तर आधी त्याचा मतदारसंघ ओळखा आणि त्याच मतदारसंघाच्या नोंदींत शोधा. लिहिताना मला ती फार शहाणपणाची वाटली होती. आता मी स्वतः शोधताना मतदारसंघाची अट बाजूला ठेवली आणि नुसतं भीमा, बंधारा, कठडे एवढंच टाकलं. प्रश्न लगेच सापडला. बंधाऱ्यावरून धोकादायक वाहतूक होते हे खरे आहे काय? होय, हे खरे आहे. पुढे कठडे बांधण्याचं आश्वासन. विचारणारे आमदार मात्र पलीकडच्या काठाचे होते.

मी स्कूटर काढली ती थेट मामांच्या ओट्याशी थांबवली. वाटलं, म्हातारा खूश होईल.

"कुणाच्या नावावर निघाला?" मामांनी पहिलं हेच विचारलं. मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "मग ऱ्हाऊ दे. मी खोटा तर खोटा."

मी चिडले. "मामा, हातातलं काम टाकून आले मी. गाव तुम्हाला हसतंय, आणि तुम्ही ऱ्हाऊ दे म्हणताय?"

मामींनी चहा पुढं ठेवला. "सांगा आता तिला. कवर पोटात ठिवणार?"

मग मामांनी सांगितलं. आमच्याकडे आपल्या आमदाराला डावलून शेजारच्या तालुक्यातल्या आमदाराचा उंबरा झिजवला, तर तो माणूस फुटला असंच धरतात. आपल्या आमदारांनी कठड्यांचं मनावर घेतलं नाही, तेव्हा मामा कुणाला न सांगता बंधारा ओलांडून पलीकडे अर्ज देऊन आले. प्रश्न सभागृहात आला. आपले आमदार भडकले. गावातून कोण फुटलं? संशय बबनरावांवर गेला, कारण त्यांची सोयरीक पलीकडची. पंचायत समितीचं त्यांचं ठरलेलं तिकीट कापलं गेलं. का कापलं, हे बबनरावांना कुणी सांगितलं नाही. मामांना आमदारांच्या माणसाकडून कळलं. बबनराव म्हणजे मामांचे लहानपणापासूनचे जिवलग, गोकुळचे वडील. मामांना प्रश्नाची बढाई आवरली नाही, पण तो कुणी पलीकडे नेला, हे मात्र त्यांनी गिळून टाकलं.

"तुझी ती ओळ हाय तशीच ऱ्हायली तर?" मामांनी विचारलं.

"तर नदीकाठच्या दुसऱ्या गावांनाही असंच चुकीचं उत्तर मिळेल. तिथंही कुणीतरी खोटं पडेल."

"आन् बदललीस तर?"

"गोकुळनं पुन्हा विचारलं की त्या आमदारांचं नाव येईल."

"मग बबन काय खुळा न्हाई. पलीकडं कोण गेलं व्हतं ते वळखंल. कवा बदलणार?"

"सोमवारी."

मामांनी चहा तसाच ठेवला. "त्या दिशी तहकूब झालेली ग्रामसभा शनवारी हाय. मोबाइलनं सांगायच्या आधी मीच सांगतो."

त्यांना थांबवावं असं मला फार वाटलं. खोटं कशाला बोलू. पण मी थांबवलं नाही.

शनिवारी मामा उभे राहिले आणि बबनरावांकडे बघत सगळं बोलले, तिकिटासकट. मग गोकुळला म्हणाले, "आता पलीकडचा मतदारसंघ टाक आन् वाच." गोकुळनं वाचलं. शेवटाकडे त्याचा आवाज बारीक झाला. उत्तराची प्रत जोडून कठड्यांचा ठराव करायचं ठरलं, आणि मागून कुणीतरी म्हणालं, हौसआबा खरंच बोलत होते की.

बबनराव काठी टेकत उठले.

"तिकिटाचं काय न्हाई, हौसराव. ते मी कवाच सोडून दिलं. पर ते गेलं त्या दिशी माझ्या घरी जेवाय बसून तूच माझी समजूत घालत व्हतास."

एवढं बोलून ते निघून गेले.

सोमवारी मी ओळ बदलली: गाव नदीकाठी असेल, तर दोन्ही काठांचे मतदारसंघ शोधा. पुण्याच्या साहेबांनी उदाहरण मागितलं. मी दुसऱ्याच नदीचं दिलं.

मामा आता परत टपरीवर जातात. लोक मानानं बाकावर जागा करून देतात. मामी सांगतात, ते दोन चहा मागवतात आणि शेजारची जागा कुणाला बसू देत नाहीत. बबनराव अजून आलेले नाहीत.