पोटावरचं कुंकू

अहो, इकडे बघा. हिंजवडीच्या या ऑफिसात कॉफीच्या मशिनशेजारी उभा आहे ना, तो मी पिनबॉल बोलतोय. बटण दाबलं की माझी पोलादी गोळी काचेखाली उधळते, दिवे लागतात, घंट्या वाजतात आणि भलेभले इंजिनिअर कामधंदा विसरतात. मला माझ्या चेहऱ्याचा भारी तोरा आहे. पण आज सांगायचंय ते पोटाबद्दल.

माझा जन्म चिंचवडचा. परदेशी पिनबॉल दुरुस्त करता करता उद्धवरावांनी पत्र्याच्या एका शेडमध्ये स्वतःचे बनवायला घेतले. आजूबाजूला सगळे मोटारींचे सुटे भाग करत होते आणि हा माणूस खेळ बनवायला निघाला, म्हणून लोकांनी वेड्यात काढलं. पण माल खपला. एका शेडच्या तीन झाल्या. आम्ही क्लबात गेलो, हॉटेलांत गेलो, जत्रांतही गेलो.

पहिल्या शेडमध्ये बायका आमची खेळाची फळी पालथी घालून खालचं वायरिंग करायच्या. वरची चित्रं, काच, घंट्या सगळं पलीकडच्या शेडमध्ये चढायचं, आणि तिकडे बायकांना मज्जाव. खेळत बसतील, कामाचा खोळंबा होईल, असं उद्धवरावांचं म्हणणं. माझं वायरिंग कुरुळीच्या सुभद्राबाईंनी केलं. रंगीत तारांचं ते जंजाळ त्यांच्या बोटांखाली असं शिस्तीत बसत गेलं की मी थक्क झालो. अजूनही होतो. मी नुसतं लाकूड होतो हो, त्या बाईंनी माझ्यात जीव घातला.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. सुभद्राबाईंनी मला हळदकुंकू लावलं ते पोटालाच, कारण त्यांना माझी तेवढीच बाजू ठाऊक. मग धीर करून त्या उद्धवरावांना म्हणाल्या, "सायेब, आमी बनवतो ते दिसतं तरी कसं? एक डाव खेळू द्या की."

"पुढच्या दसऱ्याला नक्की," उद्धवराव म्हणाले.

मला नमुना म्हणून कारखान्यातच ठेवलं, त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं. पुढच्या दसऱ्याला माल पाठवायची घाई होती. त्याच्या पुढच्यालाही. मग व्हिडिओ गेम आले आणि आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. उद्धवरावांनी खूप हातपाय मारले, पण एक शेड भाड्याने गेली, दुसरी विकली. शेवटच्या दसऱ्याला बायकांना वेळच वेळ होता, ताडपत्रीखाली आम्ही पडूनच होतो, पण वीज तोडलेली. उद्धवराव दारात मान खाली घालून उभे राहिले. सुभद्राबाईंनी डबा उचलला आणि त्या घरी गेल्या. मला फार वाईट वाटलं, दोघांसाठीही.

पुढे कित्येक वर्षं मी गोदामात धूळ खाल्ली. मग एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने मला दुरुस्त करून इथे विकलं. इथे काम करणारी स्वरूपा माझ्या अंगावरचं कारखान्याचं नाव वाचून थबकलीच. आजीच्या तोंडून ते नाव तिने लहानपणापासून ऐकलेलं. मागच्या आठवड्यात घरच्यांना ऑफिस दाखवायचा दिवस होता, तेव्हा ती आजीला हाताला धरून माझ्यापुढे घेऊन आली. केस पिकलेले, पण मी सुभद्राबाईंना लगेच ओळखलं.

स्वरूपाने बटण दाबलं. मी होते नव्हते तेवढे दिवे लावले, सगळ्या घंट्या वाजवल्या. बाई काचेवर हात टेकून नुसत्या बघत राहिल्या. खेळायचं भानच नाही. गोळी आपली सरळ खाली निघून गेली.

"आजी, खेळ की," स्वरूपा म्हणाली.

"एवढं सगळं वर व्हतं व्हय?" बाई हळूच म्हणाल्या. "आन् आमी येड्यावानी पोटालाच कुंकू लावीत बसलो."

आता माझं एवढंच मागणं आहे. उद्या इथल्या लोकांना माझा कंटाळा येईल, मी भंगारात निघेन. त्याआधी कुणीतरी काच सरकवा, फळी उचला आणि खालच्या तारांशेजारी बघा. कुंकू तिथे अजून आहे. आणि सुभद्राबाई कधी भेटल्या तर त्यांना माझा निरोप सांगा, की ते बरोबर जागीच लागलं होतं.