परत याल कशावरून?

थोरल्या जावेने जेवणाच्या टेबलावरची फळांची परडी उचलून खिडकीत ठेवली, खुर्ची ओढून ती टेबलापलीकडे बसली आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर सरकवला.

"हा विमानतळावरचा पासपोर्ट-काउंटर. मी अधिकारी. तू तिकडे फ्रिजपाशी रांगेत उभी राहा. तिथे जमिनीवर पिवळी रेघ आहे असं समज. मी बोलावल्याशिवाय ओलांडायची नाही."

धाकटी पर्स छातीशी धरून फ्रिजपाशी उभी राहिली. स्वतःच्याच स्वयंपाकघरात तिला अवघडल्यासारखं झालं. रेघेवर पाय नको पडायला म्हणून तिने चपलांची टोकंसुद्धा मागे घेतली.

गुरुवारचं विमान होतं. परदेशातल्या लेकीचं पहिलं बाळंतपण, जावयाला रजा मिळून मिळून चार दिवसांची, आणि तिकीट येऊन महिना झाला तरी धाकटीचा पाय घरातून निघत नव्हता. बासष्ट वर्षांत तिने एकटीने केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे भावाचं गाव, तीन तासांवरचं. तिथेही उतरवून घ्यायला भाऊ स्टँडवर हजर. काल तिने फोनवर लेकीला सांगूनही टाकलं होतं, "नाहीच जमलं तर तिकडे एखादी बाई बघून ठेव." लेकीने "बरं" म्हणून फोन ठेवला होता. ते "बरं" कालपासून धाकटीच्या कानातून जात नव्हतं. थोरलीच्या कानावर हे गेलं तेव्हा ती वरच्या मजल्यावरून आपली वही घेऊनच खाली उतरली.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते दोघेही आता नाहीत. घर दोन मजली, वर थोरली आणि खाली धाकटी. थोरलीने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर, "इतकी वर्षं पोरांना सांगितलं ते सगळं जागेवर आहे का, एकदा बघून येते," म्हणत ती बाहेर पडली आणि गुडघ्यांनी हात टेकेपर्यंत अकरा वेळा परदेशी जाऊन आली. एकटी. धाकटीला तिचं फार कौतुक. आपली जाऊ कुठे कुठे जाऊन आली हे ती भाजीवालीलाही सांगायची, आणि सांगताना जणू स्वतःच जाऊन आल्यासारखी खुलायची.

वहीतल्या प्रत्येक सूचनेमागे एक फजिती होती, आणि फजिती सांगताना थोरलीला आधीच हसू फुटायचं. सकाळपासून धाकटीने निम्मी वही उतरवून घेतली होती.

"राहत्या जागेचं कार्ड कायम पर्समध्ये. पहिल्या फेरीत मी दारासमोर बसलेलं पांढरं कुत्रं खूण म्हणून लक्षात ठेवलं आणि फिरायला गेले. संध्याकाळी परतले तर कुत्रं उठून गेलेलं. दोन तास मी घर सोडून कुत्रंच शोधत होते."

"सापडलं?"

"सापडलं की. दुसऱ्याच गल्लीत खुशाल झोपलं होतं. शेवटी एका फुलवालीने हाताला धरून पोचवलं मला."

आगगाडीत चढताना गाडी विचारायची तसा डबाही विचारायचा, ही सूचना लाल शाईत होती. थोरली चहा प्यायला मागच्या डब्यात गेली आणि मधल्या स्टेशनावर गाडीचे दोन भाग झाले. बॅग समुद्राकडे गेली, ती डोंगराकडे. "माझ्या आधी माझ्या बॅगेने समुद्र बघितला," थोरली म्हणाली आणि डोळे पुसत हसली. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत. न्हाणीघरात आधी फवाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं, मग नळ सोडायचा. पोचल्यावर डोळे कितीही मिटले तरी तिथली रात्र होईपर्यंत पाठ टेकायची नाही. आणि काळ्या बॅगा सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून मुठीला काहीतरी भडक बांधायचं. त्यासाठी थोरलीने जुन्या पडद्याची केशरी पट्टी फाडून आणली होती.

हे सगळं धाकटीला पटत होतं. पण कागदावर लिहिणं वेगळं आणि रेघेपाशी उभं राहणं वेगळं.

"पुढे या," थोरलीने अधिकाऱ्याचा आवाज काढला. "कशासाठी आलात?"

"लेकीच्या बाळंतपणासाठी."

"किती दिवस राहणार?"

"ते आत्ताच कसं सांगू? बाळ मान धरेपर्यंत तरी."

"अगं, दिवस सांगायचे. नव्वद. आणि परतीचं तिकीट पुढे करायचं. बरं, इथे काही काम करणार आहात?"

"म्हणजे काय? कामासाठीच तर आले. पहाटे उठायचं, तिला दोन्ही वेळचं गरम करून वाढायचं, बाळाचे कपडे, बाळाची अंघोळ..."

थोरलीने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"संपलं. आल्या विमानाने परत पाठवली तुला."

"खरं तेच सांगितलं ना मी?"

"त्याला वाटणार, बाई पगारावर राबायला आलीय. नाही म्हणायचं."

"पण करणार तर आहेच."

"नाही म्हण, बाई."

काम करत नाही असं धाकटीने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. तीन वेळा तालीम झाली. चौथ्या वेळेला 'नाही' कसंबसं तोंडातून निघालं, आणि थोरलीने शेवटचा प्रश्न टाकला.

"परत याल कशावरून?"

"मी कशाला राहू तिकडे?"

"हे उत्तर झालं नाही. तो पुरावा मागतो. तुम्हाला परत ओढून आणणारं तुमच्याकडे काय आहे?"

धाकटीने पर्स टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसली.

"मला नाही जमायचं, ताई. तुम्ही हुशार. मी आपली घर राखायला बरी."

थोरली टेबलाला रेटा देऊन उठली.

"इकडे ये. या खुर्चीत बस. आता तू अधिकारी, मी प्रवासी."

"मला काय येतंय त्यातलं?"

"प्रश्न तर पाठ झालेत ना? बस."

धाकटी बसली. समोर थोरली रेघेच्या मागे ताठ उभी, गुडघा दुखत असूनही. धाकटीने तिचाच चष्मा उचलून नाकावर चढवला, तेव्हा दोघींनाही हसू आलं. पण पहिल्या प्रश्नाला थोरलीने असं चोख उत्तर दिलं की धाकटीचीही पाठ आपोआप सरळ झाली. कशासाठी? पाहायला. किती दिवस? एकवीस. काम? नाही. काय ही बाई, धाकटीच्या मनात आलं. हिला जगात कोण अडवणार?

"परत याल कशावरून?"

हातातली केशरी पट्टी थोरलीने बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"घरी जाऊ आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?" धाकटीने अधिकाऱ्याच्या आवाजात विचारलं. आवाज मात्र तिला नीट काढता आला नाही.

"माझ्या धाकट्या दिरांची बायको. मी निघाले की वरची किल्ली तिच्याकडे असते. परत येते तेव्हा चादर धुतलेली असते, पिण्याचं पाणी ताजं भरलेलं असतं. टॅक्सी वळणावर आली की माझ्या खिडकीतला दिवा दिसतो. भर दुपारी आले तरी लागलेला. अकरा वेळा, साहेब. एकदाही चुकलं नाही. तिकडे डबा सुटला, वाट चुकले, सगळं झालं. घाबरले नाही असं कसं म्हणू? खूप घाबरायचे. पण तो दिवा आठवला की पाय पुढे पडायचा. तिला हे कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं."

धाकटीने चष्मा काढला. काच पदराने पुसली, पुन्हा पुसली. मग समोरच्या बरणीचं झाकण काढलं, शिक्का मारावा तसं थोरलीच्या उघड्या वहीवर दाबलं आणि वही तिच्याकडे सरकवली.

"जा तुम्ही," ती म्हणाली.

थोरली खुर्चीत येऊन बसली. धाकटीला कोणी सांगितलं नाही, तरी ती उठून फ्रिजपाशी जाऊन उभी राहिली. या खेपेला पर्स खांद्याला होती.

"पुढे या. कशासाठी?"

"लेकीच्या बाळंतपणासाठी."

"किती दिवस?"

"नव्वद. हे परतीचं तिकीट."

"काम करणार?"

"नाही," धाकटी बेधडक खोटं बोलली.

"परत याल कशावरून?"

"घरी जाऊ आहे."

थोरलीने झाकणाकडे हात नेला नाही. वहीची पानं उलटत ती शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत गेली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'घरी राहण्याच्या सूचना'. मग पेन्सिल घेऊन शाळेतल्या मुलीसारखी तयार बसली.

"सांग. झाडांना पाणी कधी घालतेस?"

"कुंडीत बोट घालून बघायचं. माती कोरडी लागली तरच."

"चादर?"

"दोन दिवस आधी. म्हणजे ऊन नसलं तरी वाळते."

"आणि दिवा?"

"विमानतळावरून तुमचा फोन आला की. टॅक्सीला तिथून तास लागतो."

"फोन आल्या आल्याच? तासभर आधी?"

"हो मग," धाकटी भिंतीशी ठेवलेल्या बॅगेच्या मुठीला केशरी पट्टीची गाठ मारत म्हणाली. "वळणावरून दिसायला हवा ना तुम्हाला."

थोरलीची पेन्सिल थांबली. तिने वर पाहिलं, पण धाकटी गाठ घट्ट करण्यात गुंतली होती. मग तिनेही मान खाली घातली आणि ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.