झाकणाखालचा वारा

हवामान केंद्राच्या गच्चीवरून तिने यंत्र बांधलेला फुगा सोडला, तेव्हा खाली किनाऱ्यावर लोक मजेत पाण्यात डुंबत होते. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं.

खाली येऊन तिने पडद्यावरचे आकडे पाहिले. समुद्रावरचा वारा वाफेने जड झाला होता, पण त्याच्या डोक्यावर कोरड्या, उबदार हवेचा थर झाकणासारखा घट्ट बसला होता. ओल वर चढू शकत नव्हती, म्हणून इथे थेंबही नव्हता. ती सगळी खालच्या खाली आत, डोंगरांकडे सरकत होती. तिथे चढणीला लागली की झाकण उडणार, आणि एवढ्या दुरून वाहून आणलेलं पाणी एकाच खोऱ्यात कोसळणार.

तिने साहेबांकडे इशारा द्यायची परवानगी मागितली. मागचा इशारा फुकट गेला होता, लोकांनी टर उडवली होती. संध्याकाळपर्यंत बघू, म्हणत साहेबांनी विषय मिटवला.

जिन्यात जाऊन तिने धाकट्या भावाला फोन लावला. त्याचं घर त्याच खोऱ्यात, नदीला लागून. आमच्याकडे उन्हाने डोकं तापलंय, तुमचं यंत्र पण तापलं असेल, अशी त्याने आधी चेष्टा केली. मग तिचा आवाज ऐकून बायकोमुलांना घेऊन टेकडीवरच्या शाळेत जातो म्हणाला.

"ताई, हे सगळ्यांना सांगितलंस, की फक्त मला?"

ती कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिली.

जागेवर परतून तिने इशारा लिहिला, खाली स्वतःचं नाव घातलं आणि पाठवून दिला. साहेब उठून उभे राहिले.

दिवस कलताना भावाचा फोन आला. मागे पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज. शाळा माणसांनी भरली होती. शेजारच्या आजी मात्र घर सोडायला तयार नव्हत्या.

"तू कुठे आहेस?"

"खाली. त्यांच्या दारात. तूच सांग त्यांना."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"कोण बोलतंय?" आवाज म्हातारा होता, त्रासलेला.

थर, वाफ, झाकण, यातलं काहीच तिच्या तोंडात येईना.

"आजी," ती म्हणाली, "आधी चपला घाला. माझा भाऊ तुमच्यासाठी थांबलाय."