लाल दोऱ्याची गाळणी

मी गाळणी बोलतेय. चहाची. निदान जन्मले तेव्हा तरी चहाचीच होते. आणि मी रागात आहे, हे आधीच सांगून ठेवते. गोड बोलणारं कुणी हवं असेल तर फळीवर साखरेचा डबा बसलाय, त्याला विचारा.

एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. गोल कडी, लांब दांडा, मधे बारीक तारेची जाळी. माझ्या बहिणी कुठे कुठे गेल्या देव जाणे. मला एका भांड्यांच्या दुकानातून माझ्या मालकिणीने उचललं. ती कपड्यांच्या दुकानात शिवणकाम करते, लोकांच्या पँटी आखूड करून देते. जाळी उजेडात धरून, एकेक तार बघून तिने मला घेतलं. पारखून घेतलेल्या वस्तूला माज असतोच. मलाही होता.

तिच्या घरी मी बरीच वर्षं चहा गाळला. ‘अर्धाच द्या’ म्हणणारे काठोकाठ पिताना पाहिले. ‘निघतोच आता’ म्हणून पुन्हा बूड टेकणारे पाहिले. कंटाळवाणं पण इभ्रतीचं काम होतं.

मग एक दिवस मालकिणीची मैत्रीण गाव सोडून गेली आणि जाताना आपली खाऱ्या पाण्याची टाकी हिच्या गळ्यात मारून गेली. टाकीत दोन पट्टेरी मासे. मोठी मादी, सगळीकडे हुकूम चालवणारी, तिचं नाव पडलं कारभारीण. तिच्यामागे मुकाट फिरणारा छोटा नर, तो बापडा. आणि एका दगडावर मूठभर प्रवाळ. प्रवाळ म्हणजे दिसायला दगडाच्या फांद्या, पण प्रत्येक फांदीच्या टोकाला एक जिवंत तोंड आणि तोंडाभोवती हिरवट बोटांचा झुबका. म्हणून त्याचं नाव झुबका.

या मंडळींचं जेवण बर्फातलं. जवळ्यासारखी बारीक कोळंबी गोठवून तिच्या वड्या केलेल्या असतात. त्यांचं पाकीट फ्रीजरमध्ये आलं तेव्हा मालकिणीच्या सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. ‘माझ्या मटारांच्या मांडीला मांडी लावून हे किडे?’ मालकिणीने ऐकून घेतलं आणि पाकीट खालच्या कप्प्यात सरकवलं. मग मला खिळ्यावरून काढलं आणि आपल्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा माझ्या दांड्याला करकचून बांधला. ‘ही आता माशांची. चहासाठी दुसरी आणलीय.’

मला वाटलं, माझं नशीबच फुटलं. चहावरून किड्यांवर. चार दिवस मी कुणाशी बोलले नाही, अर्थात एरवीही मला कोण विचारतं.

पण पाचव्या दिवशी कळलं की खरं काम इथेच आहे. चहा न गाळता दिला तरी माणूस मिशीला लागलेली पूड पुसतो आणि पितो. इथे तसं नव्हतं. मालकीण टाकीतलंच थोडं पाणी वाटीत घ्यायची आणि त्यात एक वडी सोडायची. वडी विरघळली की पाणी गढूळ, गुलाबी व्हायचं. ते सिंकवर माझ्यातून ओतायचं. कोळंबी माझ्यात राहायची, गढूळ पाणी मोरीत. मग पुन्हा थोडं टाकीतलं पाणी घेऊन माझ्यातच कोळंबी धुवायची. टाकीतला पंप बंद करायचा, नाहीतर खाणं प्रवाहात वाहून जातं. कारभारणीला आणि बापड्याला चिमूट चिमूट, आणि झुबक्याच्या प्रत्येक तोंडाला लांब नळीने एकेक कोळंबी. बोटं हळूहळू मिटायची. ती मिटेपर्यंत मालकीण तिथेच उभी. शेवटी मला साध्या पाण्याखाली धरायची, म्हणजे मीठ लागून गंज चढू नये. साबण कधी नाही.

मूठभर झुबक्याचा ताटलीएवढा झुबका झाला तो असा, एकेक तोंड भरवून. दिवसभर दुसऱ्यांच्या कपड्यांना टाके घालून आलेली ही बाई टाकीसमोर उभी राहिली की तिच्या खांद्यावरचं ओझं उतरताना मला दिसायचं. या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं ते एकच होतं. आणि त्याच्या दारावर मी पहारेकरी होते. हे सगळं लक्षात ठेवा, म्हणजे मला राग का आलाय ते कळेल.

मालकिणीच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. मालकिणीला माहेरी जाऊन राहावं लागणार होतं, किती दिवस ते सांगता येत नव्हतं. घरी राहणार तिचा नवरा आणि सासूबाई.

नवरा आचारी आहे. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये शेकडो माणसांना जेवू घालतो. माणूस वाईट नाही, हे मला कबूल करावं लागतं आणि त्याचाच मला जास्त राग येतो. वाईट माणसाला शिव्या घालून मोकळं तरी होता येतं.

निघायच्या दिवशी मालकिणीने त्याला सिंकपाशी उभं केलं. ‘रोज एकच वडी. गाळून. हे पाणी टाकीत जाता कामा नये.’

‘बरं.’

‘अहो, का ते तरी विचारा.’

‘अगं, मिसरूड फुटल्यापासून स्वयंपाक करतोय मी. दोन माशांना जेवायला कसं घालायचं ते तू मला शिकवणार?’

ती हसली आणि बॅगेची चेन लावायला वळली. इथे माझा तिच्यावरही राग आहे. हसायला नको होतं. हात धरून समजावायला हवं होतं.

पहिल्या दिवशी त्याने वडी विरघळवली आणि माझ्यातून ओतली. पण माझ्याखाली मोरी नव्हती, त्याने दुसरी वाटी धरली होती. गढूळ पाणी त्या वाटीत जमलं. त्याने ती नाकाशी नेली, बोटांवर एक थेंब घेऊन चोळला.

‘आई, हे बघ. सगळा अर्क इथे उतरलाय. आणि ही म्हणते फेकून द्या.’

‘शहाणीच आहे,’ सासूबाई म्हणाल्या. ‘चोथा वाढायचा आणि रस ओतायचा. आपल्याकडे कुणी केलं असतं असं?’

झालं. आचाऱ्याच्या धर्मात रस फेकणं म्हणजे पाप. त्याने कोळंबी टाकीत टाकली आणि वरून ती वाटीही उपडी केली. दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की दोन्ही टाकीतच जायचं तर मधे गाळणी कशाला. तेव्हापासून मी खिळ्यावर. खिळा सिंकच्या वर आहे आणि समोर बाहेरच्या खोलीतली टाकी दिसते. न दिसती तर बरं झालं असतं.

मग त्याला एक वडी कमी वाटायला लागली. ‘तीन जीव, आणि वडी एक? ही काय उपासमार.’ तिघांना तीन वड्या झाल्या. गार खाऊन पोटात धरेल म्हणून सासूबाईंच्या सांगण्यावरून वड्या गरम पाण्यात विरघळायला लागल्या. कालपर्यंत ज्यांना किडे म्हणत होत्या त्यांच्यावर बाईंची माया अशी उतू गेली की नवरा कँटीनला गेला की दुपारी त्या स्वतः एक वडी सोडायच्या. ‘माझ्याकडे बघून तोंड उघडमीट करत होते रे. भूक लागली असणार.’

अहो, मासा तोंड उघडमीट करतो ते श्वास घ्यायला. त्याला तुम्ही भूक म्हणणार असाल तर जगात एकही मासा जेवलेला नाही.

त्यातच चहाची नवी गाळणी मोडली. आचाऱ्याने मला काढलं. लाल दोरा बघून म्हणाला, ‘हे काय मळकं बांधून ठेवलंय,’ आणि सुरीने कापून केरात टाकला. मग मला साबणाने खसाखसा घासलं आणि माझ्यातून चहा ओतला. पहिल्याच घोटाला त्याचं तोंड वाकडं. ‘हिला वास मारतोय.’ मारणारच. नाचता येईना अंगण वाकडं. मी परत खिळ्यावर गेले, ओली, आणि दांड्याच्या सांध्यावर गंज धरला.

टाकीच्या काचेवर तपकिरी साय आली. पाण्यावर फेस धरला. खोलीत वास यायला लागला, तर सासूबाईंनी खिडकी उघडली आणि उदबत्ती लावली. झुबक्याने बोटं आत ओढून घेतली ती बाहेर काढलीच नाहीत. मग एका तोंडाचं मांस सुटून पाण्यात तरंगायला लागलं. मग दुसऱ्याचं. खाली पांढरी हाडासारखी फांदी उघडी पडली. बापडा पाण्याच्या वरच्या थराला येऊन धापा टाकत होता.

‘बघ, वर येऊन मागतोय,’ सासूबाई म्हणाल्या. ‘पोट भरत नाही त्याचं.’

आणि आचाऱ्याने आणखी एक वडी टाकली.

त्या वेळी मी खिळ्यावरून पडून आवाज केला असता, पण पडायलाही कुणाचा धक्का लागतो.

संध्याकाळी मालकिणीचा फोन यायचा. ‘गाळून देता ना?’ तो म्हणायचा, ‘हो गं.’ ती म्हणायची, दाखवा ना जरा. तो म्हणायचा, नेट नीट चालत नाही. बापडा मेला त्या दिवशीही तो ‘सगळं छान आहे’ म्हणाला. नुकतंच त्याला गच्चीतल्या कुंडीत पुरून आला होता, नखांत माती होती. भीती वाटत होती तर खरं सांगायचं, विचारायचं. पण आयुष्यभर दुसऱ्यांना जेवू घालत आलेल्या माणसाला चुकलं म्हणायची सवय नसते. दुसऱ्या सकाळी त्याने कारभारणीला जास्तीचं खायला घातलं. एकटी पडलीय म्हणून.

मालकीण परत आली ती न सांगता. आई चालायला लागली होती. खांद्यावरची पिशवी न उतरवताच ती टाकीपाशी गेली. मग स्वयंपाकघरात आली, मला खिळ्यावरून काढलं आणि वास घेतला.

‘साबण लावलात हिला?’

तिने दांड्यावरून बोट फिरवलं.

‘दोरा कुठाय?’

‘वाटलं, मळलाय...’ तो म्हणाला. ‘अगं, पण मी एक दिवस उपाशी ठेवलं नाही त्यांना. आईला विचार. एक दिवस नाही.’

‘उपाशी ठेवलं असतंत तर जगले असते,’ ती म्हणाली.

सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांच्या हातात वडी होती. ती तिथेच विरघळून फरशीवर ठिबकत राहिली.

मला वाटलं, आता ही भांडी आपटेल, शिव्या देईल. मी वाट बघत होते. तिने बाह्या वर केल्या आणि बादल्या आणायला सांगितल्या. घाण पाणी काढलं, नवं खारं पाणी कालवून भरलं. तो मुकाट बादल्या वाहत होता. पांढऱ्या पडलेल्या फांद्यांमधे एक तोंड अजून धुगधुगी धरून होतं. तेवढी फांदी तिने पकडीने कापून वेगळी केली. ताटलीएवढ्या झुबक्यातलं नखाएवढं उरलं. ते हातात धरून ती रडली. आवाज न करता, बादलीत बघत.

मग तिने ते केलं जे जायच्या आधी करायला हवं होतं. एक वडी विरघळवली, मला गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन ती माझ्यातून ओतली, आणि खाली साचलेलं गढूळ पाणी एका ग्लासात भरून खिडकीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी ग्लास नवऱ्यासमोर धरला. ‘वास घ्या.’

आचाऱ्याने नाक मागे घेतलं. बिघडलेला रस त्याला कुणी ओळखून द्यायला नको होता. कँटीनमध्ये असं पातेलं निघालं असतं तर त्याने पोऱ्यांची सालटी काढली असती.

‘हे मी त्यांच्या घरात ओतत होतो,’ तो म्हणाला.

आता रोज तोच गाळतो. कँटीनमधल्या पोत्याच्या शिवणीचा लाल दोरा आणून त्याने माझ्या दांड्याला बांधलाय. गाठ चांगली मारलीय, तेवढं मान्य आहे. गढूळ पाणी मोरीत जाताना अजूनही त्याचा जीव तुटतो, पण जाऊ देतो. मग नळीने त्या एका तोंडाला एक कोळंबी देतो आणि बोटं मिटेपर्यंत उभा राहतो. मालकीण त्याच्याशी पूर्वीसारखी बोलते. तिने माफ केलंय. कारभारीण काचेपाशी येते आणि वळून बापड्याची जागा बघते. तिला कुणी विचारलेलं नाही.

परवा रात्रीच्या जेवणाला सासूबाई मुलाच्या ताटात भात वाढत होत्या. तो म्हणाला, पुरे. त्यांनी आणखी वाढला. त्याने ताटावर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून वाढला.

‘आई, पोट भरलंय म्हणतोय ना मी.’

‘घे रे. एवढ्याने काय होतंय.’

तो ताटाकडे बघत राहिला. मग मान वर करून त्याने टाकीकडे बघितलं. मालकिणीनेही बघितलं. सासूबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

वाचकहो, तुमच्याकडे मासे नसतील, पण कुणीतरी असेलच ज्याला तुम्ही मायेने भरवता. भरवण्याआधी विचारा. आणि विचारता येत नसेल तर माया गाळून घ्या. मला माफ करायला मात्र सांगू नका. जाळीतून जातं ते टाकायचं आणि जाळीत राहतं ते राखायचं, एवढंच मला ठाऊक आहे. रोज नळाखाली धरतात मला. हा राग अजून जाळीतच आहे.