गाठ कधी पडंल

या मायबापहो, असे जवळ सरकून बसा, सतरंजीवर जागा आहे. एका गाठीची गोष्ट सांगतो. देवाचं नाव घेऊन सुरू करू, एका माणसाच्या नावावर थांबू.

लातूरच्या एका लॅबमध्ये दीपमाला डॉक्टर मायक्रोस्कोपखाली गाठी तपासतात. त्यांचे वडील ग्यानोबा निलंग्याकडचे, जन्मभर कीर्तनात टाळकरी. फोनवर त्यांचं एकच, "माय, गाठ कधी पडंल?"

लेक हसायची. "बापू, दिवसभर गाठीच बघून राहिले."

"त्या लोकांच्या. आपली कधी?"

सप्ताहाला येते, येते म्हणता बापू गेले. गाठ राहिली ती राहिलीच. अजून फोन वाजला की बाईंचा जीव त्या प्रश्नासाठी थबकतो.

परवा उमरीच्या साखराबाई नांदेडहून एसटीनं आल्या. पदराखाली काचपट्ट्यांची डबी. लेक राजकन्या तिकडं दवाखान्यात. मेंदूच्या मधोमध पिनियल म्हणून हरभऱ्याहून लहान ग्रंथी असते. तिथली पाण्याची पिशवी काढलेली, तिचेच काप त्या काचपट्ट्यांवर. पण पिशवीच्या भिंतीत पेशी दाट दिसल्या, तिथल्या डॉक्टरांना शंका आली, म्हणून पट्ट्या बाईंकडं धाडल्या. ट्यूमर निघाला तर डोक्याला लाईट, म्हणजे किरणांचा उपचार, द्यावी लागणार.

"चहा घ्या, मावशी."

"चहा मागून. आधी बघा."

बाईंनी पट्टी लावली, भिंग मोठं केलं. गोल गोल पेशी, नुसती खेटाखेट. मन ट्यूमरकडं झुकलं. वाळूचे कणही दिसले, या ग्रंथीत धडधाकट असतानाही असतात तसे. पण नुसत्या वाळूवर कसा भरवसा ठेवायचा?

आणि बापू आठवले. लहानपणी दीपमाला कीर्तनाच्या मंडपात अगदी पुढं बसून कुरकुरायची, नुसते पाय दिसतात म्हणून. बापू म्हणायचे, "पुढून गर्दीच दिसती, माय. मागं जाऊन बघ, मंग रांगा दिसतील."

बाईंनी भिंग लहान केलं. त्या मागं गेल्या म्हणा की. पेशींचे घोळके वेगळे झाले, घोळक्याघोळक्यात बारीक वाट. टाळकरी उभे राहावेत आणि विणेकऱ्याला जागा सोडावी, तशी. ट्यूमर या वाटा बुजवतो. इथं एकही बुजलेली नव्हती. सगळ्या पट्ट्या फिरून फिरून पाहिल्या. आपली साधी, धडधाकट ग्रंथीच होती ती, पिशवीच्या भिंतीत दाबली गेलेली.

बाहेर येऊन म्हणाल्या, "मावशी, गाठ न्हाई. लाईट लागत न्हाई."

साखराबाईंनी डबी पुन्हा पदराखाली घेतली. मग डोळे पुसत म्हणाल्या, "मंग लेकीची न् माझी घरी गाठ पडंल म्हणा."

बापूंचा तो प्रश्न बाईंना आता कुणी विचारणार नव्हतं, पण राजकन्येची वाट बघणारी आई समोर उभी होती.

"पडंल, मावशी."

"तुमच्या नावानं नारळ फोडू का?"

"माझ्या नको. ग्यानोबांच्या नावानं फोडा."

तर मायबापहो, तुमच्या गावी टाळकरी उभे राहिले की एकदा मागं जाऊन रांगा बघा, आणि निलंग्याकडच्या ग्यानोबांची आठवण काढा. त्यांची लेकीशी गाठ राहून गेली आहे.