रुग्णाशी नातं

मी ‘मैत्रीण’ म्हणाले आणि दवाखान्यातला कॉरिडॉर चाळीस पावलांनी लांब झाला. मघाशी महानंदाची खोली चौकशीच्या खिडकीपासून तिसऱ्या दारात होती. आता ते दार बसच्या तिकिटाएवढं दिसत होतं.

खिडकीतल्या बाई फॉर्म भरत होत्या. नाव, वय बावन्न, रुग्णाशी नातं.

“मैत्रिणींना भेटायची वेळ चार ते पाच,” त्या म्हणाल्या.

“ऑपरेशन बाराला आहे.”

“मग चालायला लागा.”

मी चालत राहिले. पाऊण तासानंतरही दार तेवढंच लांब होतं. परत फिरले, तर खिडकी सात पावलांवर आली.

महानंदा पोस्टात काउंटरवर असते, मी शाळेत चित्रकला शिकवते. सोलापुरात अठरा वर्षं आम्ही एका घरात राहतोय. गल्लीत आम्हाला ‘त्या दोघी’ म्हणतात आणि तेवढ्यावर आमचं भागत होतं. घरातही फार शब्द नव्हते. शरीराच्या काही जागांना मराठीत एक तर शिवी आहे, नाहीतर शाळेच्या पुस्तकातलं नाव. पहिलं वर्ष आम्ही पडदे ओढून नुसत्या गप्प असायचो. मग एका दुपारी महानंदानं माझ्या मानेवर ओठ टेकले आणि म्हणाली, “पोचपावती.” आम्ही इतक्या हसलो की शेजारच्यांनी भिंत वाजवली. त्यानंतर तिच्या पोस्टातले शब्द एकेक करून घरी आले. रविवारी जेवण झालं की ती विचारायची, “साधं, की रजिस्टर?”

अकरा वाजले होते.

“मावसबहीण लिहा,” मी म्हणाले.

कॉरिडॉर लगेच आखडला. दोन पावलांत मी खाटेजवळ होते. महानंदा हिरवा गाऊन घालून बसली होती. तिनं मान वर केली तेव्हा तिचं नाक माझ्या आईचं होतं.

“अक्का, आलीस? मावशी बरी आहे ना?”

मी तिचा हात धरला. शिक्के मारून मारून पडलेला घट्टा ओळखीचा होता, पण हात बहिणीचा होता. बहिणी राहू देतात तसा तिनं तो माझ्या हातात राहू दिला. मी अंगठा तिच्या मनगटावर फिरवला, तशी तिनं हात काढून घेतला.

“हे काय करतेस?”

तिच्या आवाजात नुसतं नवल होतं. किळस असती तर मला सोपं गेलं असतं.

मी खिडकीशी धावले. “ते खोडा.”

“खोडता येत नाही. वर रेघ मारून पुढं खरं लिहायचं,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी रेघ मारली. माझ्या पाठीमागं कॉरिडॉर सरसरत लांब गेल्याचा आवाज झाला.

“बायको,” मी म्हणाले.

“कोण कोणाची?”

“दोघी एकमेकींच्या.”

बाईंनी लिहिलं. पेन उमटेना. त्यांनी दुसरं घेतलं, मग तिसरं. तिसऱ्यानं कागद फाटला. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी नवा फॉर्म पुढं ओढला.

“घरी काहीतरी म्हणत असाल ना एकमेकींना?”

मी खिडकीत वाकले आणि आमचा तो मानेवरचा पहिला शब्द सांगितला. घराबाहेर तो मी कधीच उच्चारला नव्हता.

“ती पोस्टात मिळते,” बाई म्हणाल्या.

माझ्या तोंडात कागद लागला. मी तो बाहेर काढला. गुलाबी चिठोरं होतं, ओलं, कोरं. मी शब्द पुन्हा मनात म्हणून पाहिला, मानेवर काहीच जाणवलं नाही. मग ‘साधं’ निघालं. मग ‘रजिस्टर’. अठरा वर्षांचे सगळे शब्द मी तळहातावर थुंकले, आणि बाईंनी टोपली पुढं केली.

साडेअकराला महानंदाचा भाऊ गुरुनाथ अक्कलकोटहून आला. “भाऊ,” एवढंच तो न थांबता म्हणाला आणि चार पावलांत आत गेला. थोड्या वेळानं सही करून बाहेर आला. माणूस चांगला आहे. दर संक्रांतीला आम्हा दोघींना शेंगाच्या पोळ्या पाठवतो.

“शैलाताई, तुम्ही लई केलं तिचं,” तो म्हणाला.

‘ताई’ म्हटल्याबरोबर दोन्हीकडच्या भिंती माझ्या खांद्यांना येऊन टेकल्या.

“आता नेतायत तिला. पण ती कुणाला तरी बोलावतीय. नाव घेईना. नुसतं ‘अगं’ म्हणतीय.”

“मलाच,” मी म्हणाले. “मला ती तेवढीच हाक मारते.”

गुरुनाथनं पायांकडं पाहिलं. “ते तर समद्याच बायकांना म्हणतात, ताई.”

तेवढ्यात आवाज आला. एवढ्या लांबून, पण कानाशी आल्यासारखा.

“अगं.”

खिडकीतल्या बाई पेन ठेवून उठल्या. दोन नर्सनी ट्रे खाली ठेवले. फरशी पुसणारी उभी राहिली. हाताला सलाईन लावलेली एक म्हातारी बाटली धरून खोलीबाहेर आली. दारादारांतून बायका आल्या, काहींच्या हातात डबे होते. “काय गं?” सगळ्या एकदम म्हणाल्या आणि त्या अरुंद कॉरिडॉरमध्ये एकीमागं एक उभ्या राहिल्या. “आले, आले गं,” मी ओरडले. माझा आवाज त्यांच्या आवाजासारखाच होता. माझं नाक पुढच्या बाईच्या पाठीला टेकलं होतं.

“तू नव्हे,” आत महानंदा रांगेतल्या पहिलीला म्हणाली.

मग थोड्या वेळानं, दमून, “तू नव्हे.”

बाराला चार मिनिटं होती. रांग एका बाईनं पुढं सरकली.